कुंपणावरचा कढीपत्ता

शेजारच्या काकूंच्या कढीपत्त्याची एक फांदी कुंपणावरून आमच्या अंगणात आली आहे. हात वर केला की पानं मिळतात. तरी माझी बायको मीना आधी हाक मारते, "काकू, कढीपत्ता नेते हो." आतून "ने गं" आलं, की मगच डहाळी मोडते. काकू कधीच नाही म्हणत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

मीना रेसिपीचे व्हिडिओ करते. परवा तिला मागे वाजायला बासरी हवी होती. मी म्हटलं, "नेटवर ढीगभर पडली आहे, घे उचलून." ती मात्र एकेका धुनेखालच्या अटी वाचत बसली. शेवटी एका अनोळखी बासरीवाल्याने लिहिलेलं सापडलं: खुशाल वापरा, फक्त माझं नाव द्या.

"मिळालं बघ 'ने गं'," ती म्हणाली.

खरंच, फांदी आपल्या अंगणात आली तरी झाडाला पाणी दुसरंच कुणीतरी घालत असतं.

व्हिडिओ झाला. शेवटी बासरीवाल्याचं नाव होतं. त्याखाली मीनाने आणखी एक ओळ घातली होती: कढीपत्ता, शेजारच्या काकूंचा.