यादीत नसलेल्या मुली

माझी रिया गेली त्याला चार वर्षं झाली. आठ वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून मी चर्चचा एकही रविवार चुकवला नाही, संडे स्कूल शिकवणंही सोडलं नाही. पण प्रार्थनेला डोळे मिटले की शब्द तेवढे यायचे. पलीकडे कोणी ऐकत असेल असं वाटायचं नाही. ती कुठे आहे, बरी आहे ना, एवढंच मला देवाला विचारायचं होतं, आणि तेच विचारता येत नव्हतं. म्हणून मी कामं वाढवून घेत होते.

नाताळात आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या चर्चची मुलं पारशिवनीजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला भेटी देतात. स्वतःच्या नव्या कपड्यांतला एक कमी करायचा आणि त्याऐवजी तिथल्या एका मुलीसाठी काहीतरी घ्यायचं, असा नियम. यंदा स्वेटर ठरले. मी प्रत्येकाला एकेक नाव, वय आणि माप लिहून दिलं. मुलांनी बर्डीच्या बाजारात जाऊन रंग निवडले, नावं घालून कार्डं रंगवली. माझ्या वहीत सगळ्या ओळींवर खुणा झाल्या.

वसतिगृहात पल्लवी नावाच्या मुलीने पहिला स्वेटर घातला आणि ती त्यातच अडकली. दुसरीचंही तेच झालं. तेव्हा लक्षात आलं: मी मागच्या वर्षीचीच यादी उतरवून काढली होती, वयं आणि मापांसकट. दुसऱ्या कोणाची अशी चूक मी खपवून घेतली नसती. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी हसल्या. "अवं बाई, लेकरं काय तशीच थांबून राहतात का वं?"

त्यांना काय ठाऊक. माझ्या घरातलं लेकरू थांबलं होतं, आणि त्याच्याबरोबर मीही.

मी स्वेटर गोळा करायला लागले. पल्लवीने मात्र आपला दिला नाही. ती तो घेऊन ओसरीवर गेली. तिथे जूनमध्ये नव्याने आलेल्या छोट्या मुली बसल्या होत्या. त्या माझ्या यादीत नव्हत्या, म्हणून त्यांना कोणी आत बोलावलंच नव्हतं. पल्लवीने एकीला उठवलं. "मले नाही होत. हिले होते न."

मग बाकीच्या मोठ्या मुलीही एकेक स्वेटर घेऊन बाहेर आल्या. पल्लवीचा स्वेटर आणणारा आमचा जोएल आधी हिरमुसला होता. त्याने छोटीचं नाव विचारलं आणि कार्डावरचं खोडून तिचं लिहिलं.

त्या छोटीने दोन्ही हात वर केले होते, मुलं कपडे घालून घेताना करतात तसे. रिया तसेच करायची. चार वर्षांत पहिल्यांदा मी देवाशी आतून बोलले, "ती तुझ्याजवळ आहे ना? तिला थंडी वाजू देऊ नकोस."

उत्तर आलं नाही. पण ऐकलं गेलं, एवढं मला कळलं.

"टीचर, मोठ्या पोरीयले मंग काय?" जोएल विचारत होता. पुढच्याच शनिवारी मुलं मापाची टेप घेऊन वसतिगृहाकडे निघाली. मापं त्यांनीच घेतली, आणि नवं वर्ष लागायच्या आत स्वेटर पोहोचले.

चूक माझीच होती. त्यात देवाचा हात होता असं मी कोणाला पटवायला जाणार नाही. मी फक्त त्याचे आभार मानते. रियाची ओढ कमी झालेली नाही. रोज सकाळी ती मी त्याच्या हाती देते. दुपारपर्यंत परत मागून घेते, हेही खरं. मग पुन्हा देते.