पत्र्याखालचं माळवद

नकाशात घरांना रंग देणं हा माझा उद्योग. भूकंप झाला तर कोणतं घर किती धोक्यात, हे आम्ही सोलापुरात पंख्याखाली बसून संगणकावर ठरवतो. जमिनीचा एक थर, त्यावर घरांचा, त्यावर माणसांचा. उपग्रहाच्या चित्रात पत्रा चमकला की छप्पर हलकं, ठिपका हिरवा. मातीचं जड माळवद दिसलं की लाल. एका सकाळी मी मैंदर्गीतली अख्खी गल्ली हिरवी केली आणि चहाला गेलो. देवसुद्धा इतक्या झटपट अभय देत नसेल!

मग पडताळणीला जावं लागलं. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. पहिल्याच हिरव्या घरात एक तरुण आई तान्ह्या बाळाला झोका देत होती. जुन्या लुगड्याची झोळी, वर लाकडी तुळईला बांधलेली.

"बसा की दादा."

बसलो, आणि फरशीकडे बघतच राहिलो. झोका गेला की वरून माती भुरभुरे, आला की पुन्हा. बाळाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या.

"वर पत्रा आहे ना? मग माती कुठली?"

"पत्रं त्याच्यावर हाय. खाली जुनं माळवद हाय तसंच. उन्हाळ्यात गार लागतंय की."

शिडी मागवली. माळवद आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत डोकं घातलं, मोबाईलचा दिवा लावला. हातभर जाड माती! दर पावसाळ्याआधी एक थर, पिढ्यान्‌पिढ्या. आणि तिच्यावर अनवाणी पावलं. बोटंन्‌बोटं उमटलेली, जणू आत्ताची. आत अंधारात गेलेली. परतीचं एकही नाही.

"व-वर कोण आहे?"

"मामंजी," ती खालून शांतपणे म्हणाली.

मी शिडीला मिठी मारली.

"जाऊन सात वर्सं झाली त्यान्‌ला. शेवटची ओली माती त्यांनीच तुडवली, मग पत्रं मारलं. पाऊस लागला न्हाय, ऱ्हायली पावलं. तिकडल्या अंगानं उतरलं असतील. भ्यालात व्हय?"

"छे!" म्हणालो. घाम मात्र पुसावा लागला.

खाली उतरून तिला खरं ते सांगितलं. पत्रा बघून मी हे घर सुरक्षित ठरवलं होतं. जमीन थोडी जरी हलली, तरी ही सगळी माती आधी झोळीवरच येणार. तिचं हसू गेलं. नवऱ्याला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "पत्रं हाय की वर! कशाला भितीस?"

"हे सायेबबी तसंच समजलं हुतं पत्रं बघून. आता बघा, घाम पुसत्यात. उद्याच्याला माती उतरवायची. तवर लेकरू हितं निजायचं न्हाय."

तिने तुळईची गाठ सोडली आणि झोळी बाहेर कडुलिंबाच्या फांदीला बांधली. बाळ जागंसुद्धा झालं नाही. मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, तो ठिपका लाल केला, आणि मान वर केली. गल्लीभर पत्रे उन्हात लखलखत होते. समोरच्या हिरव्या घरातून संथ आवाज येत होता. दोरी लाकडावर घासल्याचा. कर्र... कर्र...

मी उठेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीही होती.