गाडी गार ठेवा, भाऊजी

डिझेल गाडीचा धूर नुसता पाहून इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते सांगणारा एक मेस्त्री होता. लोक त्याला धूरमास्तर म्हणत आणि त्याला ते नाव मुळीच आवडत नसे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि सकाळच्या गारठ्यात निघणारा पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. यात मास्तरकी कसली, असं त्याचं म्हणणं. डोळे आणि नाक धड असलं की झालं. पण डोळे-नाक धड असलेली माणसंही त्याच्या गॅरेजात येताना नेमकी एक गोष्ट घेऊन येत नसत. ती म्हणजे गार इंजिन.

त्याचा सगळा वैताग इथून सुरू होई. गिऱ्हाईक सांगे, सकाळी गाडी चालूच होत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, गल्ली धुराने भरते. आणि हे सांगायला ते भर दुपारी, चांगली तापलेली गाडी घेऊन येई. चावी फिरवली की इंजिन शहाण्या मुलासारखं चालू. मेस्त्री म्हणे, रात्रभर इथे सोडून जा. की लगेच प्रत्येकाला कुठलं तरी अडलेलं काम आठवायचं. जेवताना हे सगळं तो बायकोला ऐकवी. ती म्हणे, ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जाणारे काय कमी आहेत? तुम्हीच का एवढं मनाला लावून घेता?

गिऱ्हाइकांवर त्याला निदान खेकसता तरी यायचं. भाऊजींच्या बाबतीत तीही सोय नव्हती.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. वडील लवकर गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. पुढे तो उस्तादाशी भांडून काम सोडून आला, तेव्हा भाऊजींनी आपल्या लाँड्रीमागची शेड रिकामी करून दिली आणि त्याचं पहिलं गॅरेज तिथे उभं राहिलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मेस्त्रीला कधी कधी वाटे. निदान एकदा कडकडून भांडता आलं असतं.

त्या थंडीत भाऊजींची व्हॅन धुरायला लागली. हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी पोचवायला ते उजाडता उजाडता निघत. सेल्फ खर्र खर्र करी, इंजिन एकदा खोकून गप्प होई, पुन्हा खोके, आणि मग असा पांढरा लोट निघे की समोरच्या बाई खिडकी लावता लावता दोन शब्द सुनावत. ताईच्या स्वयंपाकघरात तर कच्च्या डिझेलचा वास कायमचा मुक्कामाला आला. भाऊजींनी आधी शेजारच्या रस्त्यावरच्या एका फिटरकडून फक्त डिझेल गाडीत असतात ते, गार इंजिनाला ऊब देणारे चारही हीटर प्लग नवे बसवून घेतले. मेहुण्याला कशाला त्रास, म्हणून. धूर होता तसाच राहिला. मग ते मेहुण्याकडे आले, अर्थातच गावभर चादरी वाटून झाल्यावर, गरम गाडी घेऊन.

मेस्त्रीने अगदी गोड आवाजात सांगितलं, "भाऊजी, गाडी गार असताना बघावी लागेल."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले, आणि गाडी रात्री गॅरेजात सोडून गेले.

सकाळी मेस्त्री नेहमीपेक्षा लवकर आला. पाहतो तर व्हॅन फाटकाजवळ धडधडतेय आणि भाऊजी वॉचमनबरोबर चहा पीत बसलेत. मेहुणा आला की त्याला गाडी चालू मिळावी, म्हणून त्यांनी वॉचमनकडून चावी घेऊन, पंधरा-वीस सेल्फ मारून ती चालू करून ठेवली होती. मेस्त्रीने बोनेटवर हात ठेवला. चांगलं चटका बसण्याइतकं गरम. आत जाऊन त्याने एक रिकामा डबा लाथेने उडवला.

नंतर त्याने ठरवलं की आपणच ताईकडे जायचं. तसं फोनवर नीट बजावलं, भाऊजी, मी येईपर्यंत चावीला हात लावू नका. भाऊजी हो हो म्हणाले. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला तेव्हा धुरातून भाऊजींचा मफलर तेवढा दिसत होता. ते लांबूनच हात हलवत होते. झाली चालू, म्हणाले, तू येतोयस म्हणून जरा तापवून ठेवली, बिचाऱ्याने थंडीत किती ताटकळायचं. त्या दिवशी मेस्त्री ताईच्या हातचा चहा न पिताच परतला, आणि ताईने तेवढ्यावरून काय ते ओळखलं.

शेवटी तिनेच चावी लपवली. लाँड्रीत कुणीतरी टाकून न नेलेला एक कोट टांगलेला होता, त्याच्या खिशात. भाऊजींनी सकाळी घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात मेस्त्री आला, तिने मुकाट्याने चावी काढून भावाच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही आता बाहेर उभे राहा. फक्त उभे राहा."

इंजिन गार होतं. बोनेटच्या पत्र्यावर दव होतं. मेस्त्रीला इतका आनंद झाला की क्षणभर काय करायचं तेच सुचेना. त्याने प्लगांना करंट पोचवणारी पट्टी सोडवली आणि थेट बॅटरीला जोडलेल्या तपासणीच्या दिव्याच्या वायरीने एकेक प्लग तपासला. दिवा चारही वेळा लागला, म्हणजे प्लग ठणठणीत. पट्टी परत लावून ताईला चावी अर्धी फिरवायला सांगितली आणि पट्टीवर दिवा धरला. अंधार. म्हणजे प्लगांपर्यंत करंटच येत नव्हता. मग नवे प्लग लावा नाहीतर सोन्याचे लावा, गार इंजिनात ऊब कुठून येणार? वायर धरून मागे मागे जात तो प्लगांना करंट सोडणाऱ्या, बॅटरीखालच्या रिलेपाशी पोचला. बॅटरीचं पाणी झिरपून वायरीच्या टोकावर हिरवट खार चढला होता. हात लावताच टोक गळून पडलं. खराब तार कापून त्याने नवं टोक बसवलं, बोल्ट आवळला, पुन्हा दिवा धरला. लख्ख.

"घ्या, भाऊजी. आता तुम्हीच चालू करा."

भाऊजी बसले, चावी घातली आणि एका दमात शेवटपर्यंत फिरवली. खर्र खर्र. खोकला. पांढरा लोट, आणि इंजिन पुन्हा गप्प. समोरची खिडकी धाडकन बंद.

मेस्त्री दारापाशी आला. चावी अर्धी फिरवून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, प्लग तापायला तेवढा वेळ लागतो, हे त्याने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. भाऊजी म्हणाले, कसला दिवा? मेस्त्रीने आत वाकून पाहिलं. त्या दिव्याच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा नेटका तुकडा लावलेला होता. भाऊजींनीच लावला होता, थंडी पडायला लागली तेव्हा. दिवा लागला की उगाच मनाला धाकधूक होते, म्हणून.

इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं मेस्त्रीच्या तोंडून बाहेर पडलं.

"भाऊजी, तुम्ही गाडीचा इलाज करत होता की माझा जीव घेत होता? महिनाभर मला नाचवलंत. तापवून ठेवली म्हणे. कुणी सांगितलं होतं तापवायला?"

भाऊजी खाली उतरले, मफलर सारखा केला आणि आत निघून गेले. ताईने भावाकडे पाहिलं. म्हणाली, "अरे, ते गारठ्यात उठून तासभर सेल्फ मारत बसायचे, ते तुझ्यासाठीच ना?"

"तेच तर म्हणतोय मी," मेस्त्री म्हणाला, पण आवाज उतरला होता. त्याला लाज वाटत होती, आणि राग काही जात नव्हता. चिकटपट्टी नखाने खरवडून काढून, दिवा विझेपर्यंत थांबून त्याने गाडी चालू केली. पहिल्याच सेल्फला लागली. मागून चिमूटभर धूर आला आणि विरला. भाऊजी ते खिडकीच्या पडद्याआडून पाहत होते.

आठवडाभर ते बोलले नाहीत. मेस्त्रीने जाऊन माफी मागितली. ती त्यांनी "अरे सोड" म्हणत झटकून टाकली आणि लगेच त्याला हीटर प्लग कसे काम करतात ते समजावून सांगायला बसले. तेव्हापासून ते लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येकाला तेच समजावतात. गाडी थरथरते? हीटर प्लग. ब्रेक वाजतो? एकदा हीटर प्लग बघून घ्या, माझ्या मेहुण्याकडे जा, माझं नाव सांगा.

परवा एक गृहस्थ आले. गाडी दोरीने ओढत आणली होती. भाऊजींनी बजावलंय म्हणाले, इंजिन अजिबात गरम होऊ द्यायचं नाही, आणि चारही हीटर प्लग तपासून घ्यायचे. मेस्त्रीने बोनेट उघडलं, बंद केलं आणि पाना बाजूला ठेवून स्टुलावर बसला. गाडी पेट्रोलची होती.