व्याज नको, बोहनी द्या

चार माणसं रोज एकाच बाकड्यावर बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. पैसे मात्र साठवावे लागतात! आम्ही परतूरच्या मंडळींनी दोन्ही उद्योग केले. पैसे लोकांकडे गेले, फिरून आले, पुन्हा गेले. किस्से तेवढे माझ्याकडे पडून राहिले, आणि ते कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मंडळी म्हणजे चौघं. जिनिंग मिलमध्ये कापसाच्या वजनाचा काटा करून रिटायर झालेले नाना, घड्याळं दुरुस्त करणारे युसुफभाई, मेडिकलवाले गजूशेठ आणि मी, शाळेतली बाई. बाकडं गजूशेठच्या दुकानासमोर होतं. दर महिन्याला प्रत्येकानं जमेल तेवढं एका डब्यात टाकायचं आणि बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याला धंद्यासाठी द्यायचं. फेड आठवडी बाजाराच्या दिवशी, थोडी थोडी. व्याज बिलकुल नाही.

गजूशेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "व्याज न्हाई, मंग आपल्याला काय मिळंल?"

नाना म्हणाले, "बोहनी!"

म्हणजे असं, की जो कर्ज घेईल त्याचं पहिलं गिऱ्हाईक आम्ही. रोख पैसे, पूर्ण भाव, घासाघीस नाही. नानांचं म्हणणं होतं, "उसने पैसे घेतलेला माणूस आधीच भेदरून राह्यलेला असतो. त्याच्या दारात पहिलं पाऊल त्याचं भलं चिंतणाऱ्याचं पडलं पाह्यजे." नियम एवढा एकच. पण त्या एका नियमानं आमचे जे हाल केले!

* * *

पहिलं कर्ज कमलबाईला. नवरा ट्रॅक्टरवरून पडून घरी बसला होता, म्हणून तिनं वाटूर फाट्यावर भज्यांचा गाडा टाकला. आम्ही चौघं एसटीनं बोहनीला गेलो. तिनं मोठ्या हौसेनं पहिला घाणा काढला. एक भजं तोंडात टाकलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत खात राहिलो.

युसुफभाई मात्र प्लेट संपवून म्हणाले, "भाभी, ऐसे भजिये जिंदगी में नै खाये!" आणि ते खोटं बोलत नव्हते.

शेवटी कमलबाईनं स्वतः एक चाखलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! मीठच न्हाई टाकलं! अन् तुम्ही सगळा घाणा खाल्ला व्हय?"

नाना तोंड पुसत म्हणाले, "बोहनीचं गिऱ्हाईक तक्रार करत नसतंय, बाई. दुसऱ्या घाण्यापासून टाक!"

आज त्या फाट्यावर बस थांबली की ड्रायव्हर आधी कमलबाईच्या गाड्याकडे जातो.

* * *

ज्ञानोबानं पंक्चरचं दुकान टाकलं, हवा भरायच्या मशिनसकट. आता बोहनीसाठी पंक्चर गाडी हवी. आमच्यापैकी कुणाचीच गाडी पंक्चर होईना! दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी नाना खिळा घेऊन आले आणि सरळ गजूशेठच्या स्कूटरकडे वळले.

"माझीच का?" गजूशेठ ओरडले.

"तुमचं टायर नवं हाय. युसुफभाईच्या टायरला आणखी भोक पाडायला जागा न्हाई!"

ज्ञानोबानं मन लावून पंक्चर काढलं, पैसे घेतले आणि गजूशेठला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, "शेठ, जरा संभाळून राहा. हा खिळा कुणीतरी मुद्दाम ठोकलाय. गावात तुमच्यावर जळणारा माणूस हाय!"

नाना तेव्हा शेजारीच उभे होते. म्हणाले, "काय दिवस आलेत!"

* * *

रुक्मिणीच्या शिलाई मशिनची बोहनी अर्थात माझ्यावर आली. मी ब्लाऊज शिवायला टाकला. तिनं तो पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी दिला आणि मी झेंडावंदनाला तोच घालून गेले. हात खाली असेपर्यंत सगळं ठीक होतं.

झेंडा वर गेला. "सलामी दो!" झालं. सगळ्या शाळेचे हात वर गेले आणि माझा कोपरापर्यंत येऊन अडकला! जोर लावावा तर शिवण उसवणार. मी तशीच, कुणाला तरी थांब म्हणावं अशी उभी.

हेडसरांनी नंतर विचारलं, "बाई, आज सलामी नाही दिली?"

"दिली सर. मनातल्या मनात!"

रुक्मिणीला कळलं तेव्हा ती रडत घरी आली, पैसे परत द्यायला. मी घेतले नाहीत. बाह्या मात्र मोकळ्या करून घेतल्या. आता तिच्याकडे मशिनवर बसायला बायका कामाला आहेत, आणि माप घेताना ती प्रत्येकीला सांगते, "हात वर करा. आणखी वर. सलाम करा!" का, ते कुणाला माहीत नाही.

* * *

कुंभार पिंपळगावच्या भिवाजीनं लोकर घ्यायला पैसे नेले होते. पहिली घोंगडी तयार झाली ती ऐन मे महिन्यात! आमच्याकडचा मे महिना म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. या वेळी पाळी युसुफभाईंची होती. त्यांनी पैसे दिले, घोंगडी घेतली. भिवाजी बिचारा बाकड्यासमोर उभाच. कसं दिसतंय ते बघायचं होतं त्याला!

युसुफभाईंनी ती भर उन्हात अंगावर घेतली, अगदी नीट, खांद्यावरून.

"गरम होतंय का?" भिवाजीनं काळजीनं विचारलं.

घामानं निथळत युसुफभाई म्हणाले, "होतंय की! घोंगडी बराबर बनी है. पैसे वसूल!"

आता युसुफभाई मुलाकडे संभाजीनगरला असतात. रस्ता रुंद झाला, त्यात बाकडं गेलं. डब्याचं काम फोनवरून चालतं, पैसे मोबाईलवर जातात, सगळं जल्दी होतं. पण बाजाराच्या दिवशी मी त्या बाजूनं गेले की पाय आपोआप थांबतात. तिथं बसून आम्ही जेवढं हसलो, तेवढं मी आयुष्यात कुठं हसले नाही. फार आठवण येते.

* * *

आणि सखाराम. सखाराम डाळमिलमध्ये हमाली करायचा. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला त्यालाच बोलावणं. त्याचे स्वतःचे वडील गेले तेव्हा कापड एका दुकानात, मडकं दुसरीकडे, बांबू तर मिळेचनात. वडील घरात आणि पोरगा बांबूसाठी गावभर! ते त्याच्या मनात राहून गेलं. हमाली सोडून त्यानं आमच्याकडे पैसे मागितले. दुकान कशाचं? अंत्यविधीच्या सामानाचं!

पैसे दिले. पेंटरनं पाटी रंगवली आणि सवयीनं खाली लिहिलं, "पुन्हा अवश्य या." ते खोडायला लावलं.

मग बोहनी! गजूशेठनी सरळ हात जोडले. युसुफभाईंनी कानाला हात लावला. माझीही हिंमत होईना. आणि आम्हीच जाईना झालो, तर गावातलं कोण जाणार? अशुभ दुकान म्हणून लोक पलीकडच्या बाजूनं चालायला लागले. गरज पडली तरी जुन्या सवयीनं चार ठिकाणी धावत. सखाराम दिवसभर काउंटरवर बसून. धंदा होऊ दे म्हणावं, तरी पंचाईत! हप्ते थांबले, बायको माहेरी जाते म्हणायला लागली. एका बाजाराला तो आला आणि म्हणाला, "नाना, दुकान बंद करतो. हमाली करून तुमचे पैसे फेडतो."

नाना उठले, थेट त्याच्या दुकानात गेले. आम्ही मागोमाग.

"सख्या, एक पूर्ण सामान काढ."

सखाराम घाबरला. "कोण गेलं, नाना?"

"कुणी न्हाई. माझं काढ."

त्याच्या हातातली सुतळी पडली. "असं बोलू नका नाना. मला न्हाई पाह्यजे असली बोहनी!"

"नियम हाय," नाना म्हणाले. "अन् दुकान बंद केल्यावर उद्या एखाद्याचं पोरगं बांबू हुडकत फिरंल, त्याचं काय? माप घे."

आणि नाना भर बाजारात, रस्त्यावरच्या लोकांसमोर ताठ उभे राहिले. सखारामनं रडत रडत बांबू धरून माप घेतलं. नानांनी पूर्ण भावानं पैसे मोजले.

"घरी पोचवू का?"

"घरी नेलं तर आमची ही मला आजच त्याच्यावर झोपवंल! हितंच ठेव, माझं नाव घालून." मग त्यांनी तिथंच बसून सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवसानंतर लोक पायरी चढायला लागले. कर्ज केव्हाच फिटलं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नाना आता काठी घेऊन चालतात, पण अधूनमधून दुकानात जातात, आपला बांबू वाजवून बघतात आणि सुतळी कच्ची आहे म्हणून सखारामला बोलतात. परवा दिवाळीच्या बाजारात सखारामनंच मला थांबवलं.

"बाई, नानाचं सामान औंदा पुन्हा बदललं. बांबूला भुंगा लागतो, कापड उंदरं कुरतडतात. दरसाल नवं घालून राह्यलो. पैसे घेतले एकदाच."

मी म्हटलं, "म्हणजे तुझा तोटाच की रे!"

"तोटाच हाय, बाई," सखाराम हात जोडून म्हणाला. "देवानं असाच चालू ठेवावा."