समोरच्या भाऊंचं पिल्लू आणि कॉलनीभरचे वैद्य

सल्ला देणारी माणसं मला आयुष्यात पोत्यांनी भेटली, पण मिळालेला प्रत्येक सल्ला पाळणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे संत तुकाराम नगरात आमच्या समोरच्या दारात राहणारे भाऊ. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. कंपनीत ते भट्टीवर फोरमन होते आणि त्यांच्या आवाजाला हाताखालची माणसं टरकून असत म्हणे. पण हाच सहा फुटी गडी कंपनीच्या फाटकाबाहेर पडला, की रस्त्यात कोणीही काहीही सांगावं आणि भाऊंनी ते घरी आणून अमलात आणावं. सकाळी दवातून अनवाणी चाललं की नजर सुधारते, असं त्यांना एकाने सांगितलं. त्याच दिवशी दुसऱ्याने बजावलं, की या वयात अनवाणी हिंडाल तर गुडघे जातील. झालं! दुसऱ्या दिवशी भाऊ मैदानात एका पायात चप्पल घालून फेऱ्या मारत होते. परतताना चप्पल दुसऱ्या पायात होती, कुठल्याही गुडघ्यावर अन्याय व्हायला नको म्हणून. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, खिडकीतून ते पाहिलं आणि त्या निमूटपणे पोळ्या लाटायला गेल्या. मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, तुम्हाला नाही म्हणताच येत नाही का हो?" तर म्हणाले, "अगं, माणूस आपलं काम सोडून आपल्यासाठी थांबतो, आपल्या तब्येतीचं बघतो. त्याला नको म्हणायचं? काय वाटेल त्याला?"

अशा माणसाच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. भाऊ चाकणच्या बाजारात कांदे आणायला गेले होते. परतले तेव्हा पिशवीतून कांद्यांऐवजी दोन काळे कान बाहेर आले. पिल्लाची आई ट्रकखाली गेली होती आणि हे बेणं रस्त्याच्या कडेला कुंईकुंई करत बसलं होतं. "आणि कांदे?" वहिनींनी विचारलं. "कांदे घेतले असते तर हा कुठे मावला असता?" भाऊ म्हणाले. वहिनी रिकामी पिशवी झटकून आत गेल्या. दिवेलागणीला मात्र त्यांनी ट्रंकेतून आपली एक मऊ, जुनी साडी काढली, तिची चौघडी घातली आणि पिल्लाला तिच्यावर निजवलं. त्या घरात मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कधी कोणी बोलत नसे. वहिनी त्या साडीच्या कडा सारख्या करत होत्या, तेव्हा मला वाटलं, आपण आता आपल्या घरी जावं.

दुसऱ्या दिवसापासून वैद्यांची रीघ लागली. देहूरोडच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले एक हवालदार आमच्या मागच्या ओळीत राहत. पलटणीतली कुत्री आपणच वाढवली, असं ते सांगत. "दूध एकदम बंद!" त्यांनी हुकूम सोडला. "कुत्रा आहे, वासरू नाही. खिमा द्या आणि रोज थंड पाण्याने अंघोळ." ते जातात न जातात तोच काळेवाडीहून दूध घालायला येणाऱ्या मावशी उंबऱ्यात टेकल्या. "आईबिगर लेकरू हाय ते. म्हशीचं निरसं दूध पाजा. आन् अंगाला पानी लावू नगा बगा, गारठून मरंल." माझ्या सासूबाईंनी तर सहाणच बाहेर काढली. त्यांच्या हातच्या बाळगुटीवर आमच्या घरातली यच्चयावत मुलं पोसली होती, मग कुत्र्याने काय घोडं मारलं होतं? शिवाय भट्टीवरच्या लोकांनी लसूण आणि एरंडेल सुचवलं होतं, ते वेगळंच.

भाऊंनी सरळ शिफ्टा लावल्या. सकाळी मावशींचं दूध, दुपारी हवालदारांचा खिमा, संध्याकाळी सासूबाईंची गुटी आणि अधल्यामधल्या वेळात लसूण-एरंडेलाचा ओव्हरटाइम. अंघोळीचा तंटा त्यांनी कसा मिटवला, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पिल्लाचा मागचा अर्धा भाग धुतला आणि पुढचा कोरडा ठेवला. हवालदार आले की त्यांना शेपटीकडून दाखवायचं, मावशी आल्या की तोंडाकडून. नावाचंही तसंच. हवालदार त्याला टायगर म्हणत, मावशी मोत्या म्हणत आणि वहिनी कोणी ऐकत नसलं की बाळ्या म्हणत. पिल्लू सगळ्यांकडेच बघून शेपूट हलवी. तेही भाऊंच्याच वळणावर जाणार, असं दिसत होतं.

पण आठवडा उलटायच्या आत शेपूट हलायची थांबली. पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, पोट पाण्यासारखं वाहू लागलं, डोळे आत गेले. भोंगा वाजला तरी भाऊ कामावर निघाले नाहीत. एव्हाना दारात पुन्हा माणसं जमली होती आणि प्रत्येकजण नवं काहीतरी सांगत होता. भाऊ एकेकाच्या तोंडाकडे बघत "बरं, बरं" म्हणत उभे होते. तेवढ्यात वहिनी आतून साडीसकट पिल्लू उचलूनच बाहेर आल्या. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाल्या. भाऊ आणि मी त्यांच्याबरोबर बसलो.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर एका म्हशीचा पाय बांधत होते. हात धुऊन त्यांनी पिल्लाला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं आणि विचारलं, "याला काय काय दिलंत?" भाऊ सांगू लागले. दूध, खिमा, गुटी, लसूण, एरंडेल. डॉक्टर म्हणाले, "एवढं त्या म्हशीला घातलं असतं, तर तीही आडवी झाली असती." त्यांनी पिल्लाच्या कातडीखाली सलाईन टोचलं. "आता याच्या पोटाला विश्रांती. उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ. चमच्याने, थोडं थोडं. ऊब द्या. मी सांगेपर्यंत दुसरं काही नाही. उद्या परत आणा."

"पण डॉक्टर, लोक इतक्या मायेने सांगतात..."

"पिल्लू कोणाचं आहे?"

भाऊ घुटमळले. वहिनी म्हणाल्या, "आमचं."

त्या दिवशी भाऊंनी दारात स्टूल टाकलं आणि ते आडवे बसले. आत वहिनी चमच्याने पाणी पाजत होत्या. हवालदार खिम्याचा डबा घेऊन आले. "नको," भाऊ म्हणाले. हवालदारांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. भाऊंनी पुन्हा "नको" म्हटलं. मग दूधवाल्या मावशी आल्या. "घोटभर तरी पाजा. म्या काय त्याच्या वाइटावर हाय व्हय?" भाऊंचे डोळे भरून आले. "नाही हो मावशी. पण नको." शेवटी माझ्या सासूबाई वाटी घेऊन निघाल्या. त्यांना पाहताच भाऊ स्टुलावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "काकू, पाया पडतो, पण नको." सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी वाटी आपटली. दुपारनंतर मात्र दर थोड्या वेळाने मला म्हणत, "जा, बघून ये. पण माझं नाव सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाने आपणहून चमचा चाटला. वहिनींनी खिडकीतून हाक मारली, तर आमच्या घरातून सगळ्यात आधी सासूबाई धावल्या. दूधवाल्या मावशींनी किटली जिन्यातच ठेवली आणि पदराने डोळे पुसले. हवालदार म्हणाले, "जवान आहे!" पिल्लाला पुन्हा दवाखान्यात दाखवून आणल्यावर भाऊ घरोघर गेले, "काल मी जरा जास्तच बोललो," असं म्हणून माफी मागायला. सबंध दिवसात हा माणूस "नको"पलीकडे फारसं काही बोलला नव्हता!

पुढे बाळ्या मोठा झाला. त्याच्या इंजेक्शनाची तारीख डॉक्टर देत आणि ती वहिनी पाळत. भाऊ स्वतः मात्र कोणी सांगितलं म्हणून कारल्याचा रस पीत राहिले.

काही वर्षांनी मला मुलगी झाली. ती तान्ही असताना एकदा तापाने फणफणली. आमचे नेहमीचे डॉक्टर औषध देऊन गेले, तरी घर बायाबापड्यांनी भरून गेलं आणि प्रत्येकीजवळ एक काढा होता. मी रडकुंडीला आले होते. भाऊ कामावरून आले, त्यांनी दारातून पोरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हेही काही सांगणार. ते म्हणाले, "मी बाहेर बसतो. काही आणायचं असलं तर हाक मार." ताप उतरेपर्यंत ते आमच्या जिन्यात बसून होते. बाळ्या त्यांच्या पायाशी होता.

निवृत्त झाल्यावर ते वहिनींना आणि म्हाताऱ्या बाळ्याला घेऊन गावी गेले. समोर आता दुसरं बिऱ्हाड आहे. चांगली माणसं आहेत, अडीनडीला दहा उपाय सांगतात. मी ऐकून घेते, बरं म्हणते, आणि ती गेली की दार लावताना उगीच एकदा जिन्यात डोकावते.