निळसर झालेले रुमाल

तिच्या इस्त्रीच्या दुकानात येणारे तिला कडक मावशी म्हणत. कपड्यांच्या खळीमुळे म्हणतात, असं ती समजे. जिभेमुळे म्हणतात, हे बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकान पोटासाठी. चर्चचे कपडे मात्र ती देवासाठी धुवायची: वेदीवरची चादर, फादरांचे झगे, आणि मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पवित्र पेला पुसायचे लहान रुमाल. रुमालांची रीत वेगळी. पेल्यातला द्राक्षरस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, त्याचा त्यांना स्पर्श झालेला, म्हणून ते भिजवलेलं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं. मागच्या अंगणातल्या लिंबाला ते मिळे. कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "माझं काय त्यात? सांभाळायला दिलंय, सांभाळते. मालक वेगळा आहे."

एवढं सांभाळणाऱ्या बाईला एकुलती एक मुलगी सांभाळता आली नाही. मुलीने चर्चला जाणं सोडलं तेव्हा ही बोलून गेली, "माझ्या घरात राहायचं तर माझ्या देवाला मानावं लागेल." मुलगी बॅग भरून दुसऱ्या शहरात गेली. अधूनमधून यायची, पाहुणीसारखी, रात्रीपुरती. फोनवर मावशीला म्हणायचं असे, 'ये गं.' तोंडातून निघायचं, "झाली वाटतं आमची आठवण?" की तिकडून फोन बंद.

या खेपेला मुलगी चक्क आठवडाभर राहिली. सकाळी उठल्या उठल्या मावशी आधी दाराशी जाऊन तिच्या चपला आहेत ना, ते बघायची. मग देवाचं नाव.

शनिवारी दुपारी ती दुकानातून परतली, तर मुलगी दारातच उभी. "आई, आज तू पाय पसरून बस. तुझं चर्चचं धुणं उरकलं मी."

"कोणतं?"

"बादलीत रुमाल भिजले होते ते. टाकले मशीनमध्ये, माझ्या जीन्सबरोबर."

"आणि बादलीतलं पाणी?"

"पाणी कुठे जाणार? मोरीत."

दोरीवर रुमाल वाळत होते. सगळे निळसर. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेच जुनं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. मुलीनेही ते ओळखलं, तिची नजर कोपऱ्यातल्या बॅगेकडे गेली. ती नजर मावशीने पाहिली.

रुमाल गेले होते, पाणी गेलं होतं. आता आणखी काय घालवायचं, एवढंच हातात होतं.

"चहा टाक," ती म्हणाली. "डोकं फिरलंय माझं."

"मग ओरड ना."

"ओरडते. चहा तर होऊ दे."

मुलगी हसली. चहा झाला, ओरडायचं राहून गेलं.

सोमवारी तिने रुमाल फादरांपुढे ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. फादर म्हणाले, "हा रंग काढणं तुम्हाला काय अवघड, मावशी?"

"अवघड नाही. रविवारसाठी नवे शिवून देते. हे रोजच्या मिस्सेला चालतील का?"

फादरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चालतील. मुलगी आहे ना अजून?"

"गेली काल."

तेव्हापासून मावशी रोज सकाळी मिस्सेला पुढच्या बाकावर बसते. पूर्वी फादर पेला पुसायचे तेव्हा तिचे डोळे मिटलेले असत. आता उघडे असतात.

परवा फोन आला. "निळा रंग गेला का गं?"

"दर धुण्याला थोडा थोडा जातोय."

"ब्लीच टाक की."

"तू मला शिकव आता धुणं!" बोलली आणि जीभ चावली. मग घाईघाईने म्हणाली, "ये गं. पाणी झाडाला कसं घालायचं ते दाखवते. तू मानू नकोस हवं तर. झाड काही विचारत नाही."

या वेळी तिकडून फोन बंद झाला नाही.

"बघते, आई."

रुमाल बादलीत भिजून तयार होते. दाराकडे बघत मावशीने पाणी ओतायला त्या दिवशी संध्याकाळ केली.