न हलणारी काच

बॉयलर चालवायला शिकवणाऱ्या त्या सरांना वर्गातले लोक मागून का-मास्तर म्हणायचे. वर्गात चौदा जण होते, सगळे कमावते, संसारी. कुणी सकाळची पाळी संपवून तसंच आलेलं, कुणाच्या बाहीवर अजून तेलाचे डाग. कुठलंही उत्तर ऐकलं की सर मान जराशी तिरपी करून विचारत, "का?" बरोबर उत्तरालाही का आणि चुकीच्यालाही का. आपलं जमलं की फसलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही, आणि याचाच लोकांना वैताग होता.

सरांचा डावा कान गेलेला होता. त्यांच्या वर्गात बाकं अर्धगोलात मांडलेली असत, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड दिसे. कान कसा गेला ते ते सहसा सांगत नसत.

चोविसाव्या वर्षी ते कापड रंगवायच्या कारखान्यात एका वस्तादांच्या हाताखाली होते. वस्ताद कामात तरबेज, माणूस म्हणून मायाळू, पण कुणी प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. "विचारू नकोस. बघ आणि शीक," एवढंच म्हणायचे. एके दिवशी सरांना दिसलं की बॉयलरमधली जादा वाफ सोडणाऱ्या झडपेच्या दांड्याला एक लोखंडी तुकडा लटकतोय. झडप लवकर उघडू नये म्हणून कुणीतरी वजन वाढवलं होतं. कुणी आणि कशासाठी, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. वस्तादांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. तिसऱ्या दिवशी बॉयलर फुटला. वस्ताद गेले, यांचा कान गेला.

दहाव्या दिवशी ते वस्तादांच्या घरी गेले. वस्तादांच्या बायकोने दारातच विचारलं, "तो तुकडा तुला दिसला नव्हता का रे?"

"दिसला होता, काकू."

"मग?"

"विचारलं नाही."

तिने दार लोटून घेतलं. सर पुढे शिकवायला लागले ते त्या दारापासून.

पण ही गोष्ट माहीत नसणाऱ्याला त्यांचं शिकवणं म्हणजे टाळाटाळ वाटे. यंदा तर वर्गाने प्राचार्यबाईंकडे अर्जच दिला. "सर सांगत काहीच नाहीत, नुसते विचारतात. परीक्षा सहा आठवड्यांवर आली, आमच्या वह्या कोऱ्या आहेत." खाली नऊ सह्या होत्या. अर्ज लिहिला होता दूध डेअरीत काम करणाऱ्या गृहस्थांनी. वर्गात सगळे त्यांना डेअरीवाले म्हणत. त्यांचा राग वैयक्तिक नव्हता. बढतीसाठी त्यांना हा दाखला हवा होता आणि वय चव्वेचाळीस झालं होतं.

प्राचार्यबाईंनी सरांना बोलावून सांगितलं, "मंगळवारी मी मागे बसणार. तुमची पद्धत मला बघू द्या. नाही पटली तर पुढच्या आठवड्यापासून सरळ लिहून द्यायचं. चालेल?"

"चालेल," सर म्हणाले. घरी जाऊन त्यांनी जुन्या टिपणांचं बाड काढलं आणि पिशवीत घालून ठेवलं.

मंगळवारी दुपारी दोनचा वर्ग सगळे येऊन बसेपर्यंत दोन-दहाला भरला. प्राचार्यबाई शेवटच्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसल्या. नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन टेबलावरच्या खोक्यात गेले. सरांनी नेहमीचाच प्रश्न टाकला, "आज कामावर असं काय दिसलं, की ज्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही?"

कुणी बोलेना. बाई पाहत होत्या म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

शेवटी रुग्णालयाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळणाऱ्या ताई बोलल्या, त्याही सरांची दया येऊन. अर्जावर त्यांचीही सही होती. "तसं विशेष काही नाही सर. आमची काच आज फारच गुणी वागली. साडेबाराला मी पाणी भरलं, ते अगदी अर्ध्यावर. दीडला पाळी संपली तरी तिथंच. तसूभर हललं नाही."

बॉयलरच्या अंगावर उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यावरून कळतं. दुसरं डोळ्यांना काही दिसत नाही.

"चांगलंच आहे की," डेअरीवाले म्हणाले.

"का चांगलं?" सरांनी विचारलं.

"पाणी अर्ध्यावर पाहिजे, ते अर्ध्यावर आहे. यात का कसलं आलं?"

बिस्किटांच्या कारखान्यातला एक जण पुटपुटला, "आमच्या काचेतलं पाणी तर सारखं थरथरतं. उकळणारं पाणी गप्प कसं बसेल?"

"मग दोघांपैकी कुणाची काच खरं बोलते?" सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातला खडू त्यांनी खाली ठेवला होता.

"दुसरीही काच असते ना बॉयलरला," कुणीतरी विचारलं.

"तिची तोटी गळते. आठवडाभर बंदच आहे," ताई म्हणाल्या.

"आणि पाणी कमी झालं की वाजणारी घंटा?"

ताई जरा चाचरल्या. "उगीचच वाजायची. पर्यवेक्षकांनी वायर काढायला लावली."

"साडेबारानंतर तुम्ही पंप किती वेळा लावलात?"

"एकदाही नाही. काच अर्ध्यावर दिसतेय तर पंप कशाला लावू?"

"त्या वेळात यंत्रं चालू होती?"

"निम्मी. चादरी वाळवत होतो."

"कशावर?"

"वाफेवर."

सर म्हणाले, "ती वाफ कुठून आली?"

ताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वर्गातलं प्रत्येक डोकं त्याच जागी येऊन थांबलं. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं. पाणी गेलं आणि काच हलली नाही म्हणजे काचेची वाट तुंबली होती. आत पाणी किती उरलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि जाळ चालूच होता.

"आता तिथं कोण आहे?" सरांनी विचारलं.

"माझा दीर," ताई म्हणाल्या. "मीच सांगून आले त्याला, आज काच झकास आहे, पाण्याची काळजी करू नका म्हणून."

दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती. सरांनी खोकं उलटं केलं. ताईंनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. यंत्रांच्या आवाजात ऐकू जात नसणार. पुन्हा लावला. प्राचार्यबाई उठून रुग्णालयाच्या कचेरीचा नंबर फिरवू लागल्या. तो व्यस्त लागत होता.

"लागला की पहिलं सांगते, पंप लावा," ताई म्हणाल्या.

"थांबा," डेअरीवाले उभे राहिले. सरही तेच म्हणणार होते, पण हे आधी बोलले. "आतलं लोखंड कोरडं पडून तापलेलं असलं, आणि त्यावर गार पाणी पडलं, तर काय होईल?"

"पाण्याची एकदम वाफ होईल, बॉयलर फुटेल," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे पंपाला हात लावायचा नाही," डेअरीवाले म्हणाले. "जाळ बंद करायचा. झडपांशी खेळायचं नाही. माणसं बाहेर काढायची. बरोबर ना सर?"

"बरोबर," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द वर्गाने पहिल्यांदाच ऐकला.

चौथ्या वेळी फोन उचलला गेला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बोला वहिनी."

"भावजी, जाळ बंद करा. पंपाला हात लावू नका."

"का? काच अर्ध्यावर आहे की. वॉर्डातून चादरींसाठी सारखी माणसं येतायत. आता बंद केलं तर पर्यवेक्षक माझं डोकं खातील."

ताईंनी सरांकडे पाहिलं. मग ताईंनीच डोळे मिटले आणि फोनमध्ये विचारलं, "भावजी, आल्यापासून पंप कितीदा लावलात?"

"लागलाच नाही."

"मग पाऊण तास वाफ कशाची येतेय?"

पलीकडे नुसता यंत्रांचा आवाज. मग फोन कशावर तरी आपटल्यासारखा झाला. धावणारी पावलं. आणि इतका वेळ मागे घुमत असलेला जाळाचा आवाज एकाएकी थांबला. भावजींचं ओरडणं लांबून ऐकू आलं, सगळे बाहेर व्हा, हातातलं टाका. अख्खा वर्ग त्या एका फोनकडे बघत होता. पाच मिनिटांनी भावजींचा आवाज आला, धापा टाकत. "वहिनी, सगळे अंगणात आहेत. सगळे."

ताई बाकावर बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी थंड झालेला बॉयलर उघडला तेव्हा काचेची खालची वाट क्षाराने गच्च भरलेली निघाली. पाणी सुरक्षित खुणेच्या चार बोटं खाली गेलं होतं. वरच्या नळ्यांवर तापल्याची निळसर झाक होती, पण नळ्या शाबूत होत्या. चौकशी झाली. पर्यवेक्षकांनी वायरीचं ताईंवर ढकलायचा प्रयत्न केला. सर ताईंसोबत गेले, नुसते शेजारी बसून राहिले. वायर काढायला कुणी, कधी, कशासाठी लावली ते सगळं ताईंनी सांगितलं. त्यांची नोकरी राहिली.

प्राचार्यबाईंनी दोन दिवसांनी सरांना बोलावलं. "अर्ज मी फाइलला लावते. तुमची पद्धत चालू द्या."

"बाई, मला एक सांगायचंय," सर म्हणाले. "काच हलली नाही असं त्या म्हणाल्या, तेव्हाच मला शंका आली होती. तरी मी विचारत राहिलो. तुम्ही मागे बसला होता ना. वर्गाच्या तोंडून उत्तर आलेलं तुम्हाला दिसावं, असं मला वाटलं. दोन मिनिटं तरी गेली त्यात."

बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हे वर्गाला सांगाल?"

सरांनी सांगितलं. अर्धगोलासमोर उभं राहून, काहीही न लपवता. मग विचारलं, "मी फोन कधी करायला हवा होता?"

डेअरीवाले ताडकन म्हणाले, "लगेच. माणसं होती तिथं." ताईंचं म्हणणं वेगळं होतं. "तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर मला कळलं नसतं, आणि मला कळलं नसतं तर भावजींना पटलं नसतं." बिस्किटवाल्याने विचारलं, एकाने फोन लावायचा आणि बाकीच्यांनी बोलत राहायचं, असं का नाही झालं? दोन तास वाद चालला. एकमत झालं नाही. सरांनी मात्र त्या दिवसापासून फोनचं खोकं वर्गातून काढून टाकलं, आणि डेअरीवाल्यांच्या आग्रहाखातर शुक्रवारचा एक तास लिहून द्यायला ठेवला. त्या तासालाही लोक मध्येच हात वर करून का विचारत, आणि टिपणं अर्धवट राहत.